सतरा घरांचा विस्तव

धुरपताबाई साऱ्या लायनीत छातीठोकपणे सांगायची, "माह्या घरी आगपेटी दसऱ्याले उघडली का मंग दुसऱ्या दसऱ्यालेच उघडते."

खरं म्हणजे तिनं पेटी विकत आणलेली कोणी पाहिलीच नव्हती. छप्पन सालची गोष्ट. बल्लारशाकडच्या जंगलात लाकडं कापायच्या आरामशीनवर राबणाऱ्या मजुरांची सतरा खोल्यांची लायन होती, आणि त्या खोल्या एकमेकींच्या विस्तवावर चालत. सकाळी ज्या छपरातून धूर दिसेल तिथे गोवरीचा तुकडा घेऊन जायचं, निखारा आणायचा, चूल फुंकायची. काडी ओढणारी बाई म्हणजे उधळी, असा तिथला कायदा!

तर या धुरपताबाईच्या थोरल्या रंभेला पाहायला गोंडपिपरीहून पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं फिसकटली होती. या खेपेस काही कमी पडू द्यायचं नाही, असं धुरपताबाईनं ठरवलं. शेजाऱ्यांनी घरटी शेरभर तांदूळ आणून दिले, म्हणून तिनंही साऱ्या लायनीला जेवायचं आवतण दिलं.

धाकटी कमळा तेव्हा नऊ वर्षांची. सकाळीच मायनं तिला पितळी भांडी घासायला बसवलं. कमळानं चुलीतली राख काढली. थोडीथोडकी नाही, सगळी! राखेत रात्रीचा निखारा झाकून ठेवलेला होता. तोही अंगणात नेऊन तिनं वर तांब्याभर पाणी ओतलं आणि घासायला लागली. भांडी सोन्यासारखी निघाली. चूल मात्र मांजरानं खुशाल झोपावं इतकी थंड.

धुरपताबाई रागावली नाही. शेजारी सोळा चुली असताना एका चुलीची काय मातब्बरी! तिनं कमळाला भागीरथाबाईकडे पिटाळलं.

भागीरथाबाईची चूल सारवून लख्ख. "आज तं तुह्याच घरी जेवाचं हाय ना पोरी," ती म्हणाली. "मंग मी लाकडं काऊन जाळू? आशाबाईकडं पाय."

आशाबाईनं बुधरीकडे पाठवलं, बुधरीनं पत्रूच्या बायकोकडे. गोवरी हातात घेऊन कमळा सोळा उंबरे फिरली. सोळाही घरी एकच उत्तर. आवतणाच्या दिवशी चूल पेटवायची म्हणजे यजमानाचा अपमान, आणि लाकडांचाही. तीन घरं तर आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवून बसली होती!

पुरुषांच्या बिड्याही चुलीवरच पेटायच्या. ते सारे बिडी कानाला लावून बसलेले. रविवार असल्यानं मशीनचं बॉयलर थंड. एकुलता एक दुकानदार कुलूप लावून बाजाराला गेलेला.

आणि अकराच्या मोटारीनं पाहुणे आले! मुलाचे वडील गुणवंतराव, मुलाची आई, मामा आणि खुद्द मुलगा. गुणवंतरावांनी खाटेवर बसताच बिडी काढली, ओठांत धरली आणि थांबले. रंभेचा बाप पोचूही थांबला. त्याला वाटलं, आता पाहुणा पेटी काढेल आणि आपली लाज राहील. पाहुण्याला वाटलं, आता यजमान विस्तव आणेल. दोघांनी धानाच्या गोष्टी केल्या, सागवानाच्या केल्या, मागल्या साली मेलेल्या वाघाच्याही केल्या. बिडी ओठांत भिजून गेली. शेवटी गुणवंतराव म्हणाले, "थोडा इस्तो भेटन का जी? लोकाइच्या घरी भेटतेच, म्हणून मी पेटी नाई बाळगत."

पोचू खाली पाहू लागला. दाराआड धुरपताबाईनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. बाहेर सारी लायन आपापली थाळी घेऊन पंगतीला बसली होती आणि त्यांच्या पोटातली गुरगुर आत ऐकू येत होती. कमळाला वाटलं, आपण निखाऱ्यावर नाही, ताईच्या लग्नावरच पाणी ओतलं.

मग तिला मालगाडी आठवली. दुपारी दोनच्या सुमारास ती सिग्नलला थांबायची आणि लायनीतली पोरं तिथं सांडलेला कोळसा वेचायची. कमळानं घमेल्याच्या तळाशी माती पसरली आणि रुळाकडे धूम ठोकली.

नेमकी त्या दिवशी गाडी तासभर उशिरा आली! इंजिनातला काळाकुट्ट गडी पोरीला पाहताच ओरडला, की कोळसा मिळणार नाही, पळ.

"कोळसा नोको काका," कमळा म्हणाली. "पेटलेला इस्तो द्या. माह्या बहिणीचं लगन मोडून राह्यलं."

गडी हसला आणि फावडंभर लालभडक निखारे त्यानं घमेल्यात ओतले. परकराच्या घोळानं घमेलं धरून कमळा आली तेव्हा बायका तिच्यावर अशा तुटून पडल्या, जशी काही तीच नवरी!

मग काय विचारता! एका चुलीवर भात, दुसऱ्या चुलीवर वरण, तिसरीवर वांगी. घाईत भात खाली लागला, डाळ अर्धी शिजली. वरणात मीठ दोनदा पडलं की एकदाही नाही, यावर रंभेचं आणि मायचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

दिवस कलता कलता पानं वाढली. नुसता भुरक्यांचा आवाज. गुणवंतरावांनी चार वेळा वरण मागून घेतलं. मुलाच्या आईनं बोटं चाटली, वाटी पुसून घेतली आणि धुरपताबाईकडे वळून म्हणाली, "पोरीच्या हाताले चव हाय बाई. असं वरण मी जलमात नाई खाल्लं. आमाले पोरगी पसंत हाय."

लग्न थाटात झालं. पुढे वर्षभर सासू रंभेच्या मागे लागली होती, त्या दिवशीसारखं वरण कर म्हणून. रंभेनं डाळ बदलली, भांडं बदललं, एकदा मुद्दाम मीठ घालायचं विसरून पाहिलं. पण ती चव काही येईना. तिच्या सासरी जेवण वेळेवर होत असे, त्याला ती बिचारी तरी काय करणार!