भिकननाना आणि डिस्चार्जचं गाव

शेवटची सही तुम्ही ज्या कागदावर केलीत, त्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला कळला होता का? खरं सांगा. देवपुरातल्या आमच्या गल्लीत छातीठोकपणे 'हो' म्हणणारा एकच माणूस आहे, माझे शेजारी भिकननाना. म्हणूनच त्यांचं कुठलंही काम पहिल्या फेरीत होत नाही.

नानांनी जन्मभर यावलकडे केळीच्या गाड्या भरल्या आणि खाली केल्या. शाळा चौथीपर्यंत. साठी उलटल्यावर रद्दीतून कव्हर नसलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला आणि इंग्रजीवर पाळत ठेवायला सुरुवात केली. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की नानांची भुवई चढते. चार निघाले की तो शब्द आरोपी. "इतला नावं लाईसन फिरस, म्हणजे काहीतरी लपाडस," असा लपवाछपवीचा संशय घेऊन मला विचारतात, "हाऊ कोनता गावना शे?" मग मी मोबाइलवर त्याचं मूळ शोधायचं. इंग्रजी फॉर्मांविरुद्ध मी पत्रकं वाटतो, त्यामुळे नानांच्या नजरेत मी सरकारी नसलेला वकील.

गेल्या महिन्यात अक्का, म्हणजे नानांची बायको, मांडीचं हाड मोडून दवाखान्यात होत्या. घरी न्यायची वेळ आली तेव्हा नानांनी मला बोलावून घेतलं. शब्दकोश पिशवीत होताच.

"सिस्टर, हाई काय शे?"

"डिस्चार्ज, नाना. परवापासून सांगतेय. सही करा आणि आजींना घरी न्या."

नानांनी पानावर बोट ठेवलं. "सोडून देणे. नोकरीवरून काढणे. गोळी झाडणे. पू वाहणे." चष्म्यावरून वर पाहिलं. "यामधलं मनी बायकोनं तुम्ही काय करशात?"

सिस्टर हसली. मी हसलो नाही. हा कागद मराठीत का नाही, यावर मी भांडायच्या तयारीतच होतो. पण आधी मूळ काढलं. "नाना, लॅटिनकडचा आहे. फ्रान्सवरून आला. मूळ अर्थ, गाडीतलं ओझं उतरवणं."

"म्हणजे गाडी खाली करनं?"

"तेच."

आता सही होणार, असं वाटलं. नानांनी पेन सिस्टरला परत दिलं.

"मंग खाले कोन शे?"

"खाली?" मी विचारलं. नाना खाटेकडे न बघता सांगू लागले. गाडी खाली करताना वरचा गडी घड हातात धरून थांबतो. खालच्यानं 'धरलं' म्हटल्याशिवाय सोडत नाही. कितीही घाई असो.

"आठे दवाखानामा उचलाले चार जनी शेतस," नाना म्हणाले. "मना पोऱ्या सुरतले शे. मना खांदा कामातून गया. घर कोन शे?"

अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भांडण बाजूला ठेवून मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो.

"धरलं, नाना."

त्यांनी शब्दाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "कितला दिन?"

"अक्का चालायला लागेपर्यंत. माझी आई आहे, मी आहे."

"लिखी दे."

डिस्चार्जच्या कागदामागे मी मराठीत लिहून दिलं. नानांनी ते दोनदा वाचलं, मगच सही केली.

तुमच्याही गल्लीत आज कुणाच्या हातात असा कागद असेल. जा, तो त्यांना मराठीत वाचून दाखवा. आणि ते घरी येतील तेव्हा दाराशी उभं राहून 'धरलं' म्हणा.