चुकीच्या खांद्यावरची शाल

"या वर्षी काहीतरी वेगळं करू," एवढंच वाक्य मी कॉलनीच्या बैठकीत बोललो. तिथंच थांबलो असतो, तर आज लातुरात मान वर करून फिरलो असतो.

साल २००३. किल्लारीच्या भूकंपाला दहा वर्षं होत होती आणि आमच्या नागरिक मंडळाचा सचिव मी होतो. (बिनविरोध. दुसरं कोणी तयारच नव्हतं.) दरवर्षी आम्ही दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायचो आणि वीस मिनिटं बसून चहा प्यायचो. वेगळं म्हणजे काय, असं कोणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नांदेडच्या डॉक्टर सौदामिनी आणि सुमनबाई यांचा सत्कार करू."

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांकडं मदतीची रीघ लागली होती, तेव्हा या दोघी तिथं गेल्या होत्या. सौदामिनीबाई मानसोपचाराच्या डॉक्टर, सुमनबाई आरोग्यसेविका. शोक करणारी माणसं त्यांना भेटलीच. पण कोणी कोपऱ्यात, कोणी गोठ्यात वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली माणसंही भेटली. त्यांचा आजार भूकंपाच्या आधीपासूनचा होता, फक्त भिंती पडल्यामुळं तो जगाला दिसला. या बायांनी त्यांना लांबच्या इस्पितळात न पाठवता घरीच औषधं सुरू केली. सुमनबाई गावोगाव पायी जायच्या आणि कोण झोपलं, कोण जेवलं, कोण पुन्हा शेतात जाऊ लागलं, हे लिहून आणायच्या. दहा वर्षांच्या त्या नोंदींमधून जे संशोधन उभं राहिलं, ते परदेशातल्या डॉक्टरांनीही वाचलं. लातुरात मात्र कोणी वाचलं नव्हतं.

मला कसं माहीत? कारण माझा मेव्हणा ग्यानोबा त्यांचाच पेशंट होता.

हे मी बैठकीत सांगितलं नाही. तसं ते नऊ वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. ग्यानोबा लोह्याला शेती करतो. त्याला चोवीस तास कानात आवाज ऐकू यायचे, तेव्हा माझी बायको त्याला घेऊन नांदेडला गेली. मी सोबत गेलो होतो, पण स्टँडपर्यंतच. (सामान सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. सामान म्हणजे एक पिशवी.) दवाखान्याच्या दारात मला कोणी पाहिलं असतं तर? त्यामुळं डॉक्टरांचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं. कॉलनीत कोणी विचारलं, तर ग्यानोबा 'शेतीत बिझी' असायचा.

सत्काराचं ऐकून बायकोचे, उज्वलाचे, डोळे भरून आले. "नऊ वर्षांत पहिलं शहाणपणाचं काम केलंत तुम्ही," ती म्हणाली. "ग्यानोबाला बोलावते."

"त्याला कायला?" मी दचकलो. "सोयाबीन काढणीला आलं असेल."

"दोन दिवस थांबतंय सोयाबीन."

मी गप्प बसलो. माझ्या संसारातले बरेच निर्णय मी गप्प बसूनच घेतलेले आहेत.

आता प्रायोजक पाहिजे होता. त्या काळात आमच्या गल्लीत घरं कमी आणि क्लास जास्त. त्यातला सगळ्यात मोठा क्लास महादेवप्पा सरांचा, केमिस्ट्रीचा. सर म्हणाले, "हॉल माझा, शाली माझ्या, बॅनर माझा. फक्त निमंत्रणपत्रिकेत ते 'मानसिक आजार' नको. पालक घाबरतात. आधीच बारावीचं वर्ष."

"मग काय लिहायचं?"

"मेंदू लिहा. मेंदूला कोणी हरकत घेत नाही."

मेंदूला मीही हरकत घेतली नाही. पत्रिका छापून आली, तेव्हा तिच्यावर महादेवप्पा सरांचा फोटो होता, त्याखाली मागच्या वर्षी मेडिकलला लागलेल्या चौदा मुलांचे फोटो होते आणि अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात, 'थोर मेंदूतज्ज्ञांचा सत्कार व अनमोल मार्गदर्शन' होतं.

रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम. चाळीस माणसं धरून उज्वलानं चुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला करून आणला होता. साडेनऊलाच हॉलमध्ये चारशे माणसं. सगळे पालक. हातात वही, काखेत पाल्य. उज्वला हॉलच्या मागच्या खोलीत पातेल्याकडं पाहत बसली आणि मी घामाघूम होऊन दारातून स्टेजवर, स्टेजवरून दारात.

दहा वाजता स्टेजवर पाहिलं, तर महादेवप्पा सरांच्या शेजारी भरजरी पैठणीतल्या, सोनेरी चष्म्याच्या एक भारदस्त बाई बसलेल्या. परदेशात नाव गाजलेली बाई अशीच दिसणार, याबद्दल मला शंका राहिली नाही. मी माइक हातात घेतला, "थोर संशोधक डॉक्टर सौदामिनी" असं म्हणालो आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. बाईंनी हसून नमस्कार केला.

"हणमंतराव," महादेवप्पा सर दात न उघडता म्हणाले, "ही आमची मिसेस. देविका."

"मग डॉक्टर कुठं आहेत?"

"ते सचिवांना माहीत पाहिजे."

मी देविकाबाईंकडं वाकून हळूच म्हणालो, "वहिनी, जरा शाल—"

"राहू द्या की," त्या म्हणाल्या. "रंग छान आहे."

मी शालीचं एक टोक धरलं. त्यांनी दुसरं सोडलं नाही. चारशे पालक मेंदूच्या विकासाचा हा पहिला टप्पा लक्ष देऊन पाहत होते. समोरून एका पत्रकाराच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला.

इतक्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "दाजी! मॅडम हिकडं हायत!"

ग्यानोबा उभा होता. पांढरं धोतर, खांद्यावर रुमाल, आमच्याकडची दस्ती. त्याच्या शेजारी सुती साडीतल्या दोन बाया. झालं होतं असं, की त्या वेळेवर एसटीनं आल्या होत्या. आमच्या स्वयंसेवकानं "मुलगा कितवीत आहे?" असं विचारलं, सौदामिनीबाईंनी "एमएस्सीला" असं खरं उत्तर दिलं, आणि त्यानं त्यांना 'इतर पालकां'मध्ये बसवलं होतं.

ग्यानोबा दोघींना हाताला धरून स्टेजवर घेऊन आला. डॉक्टरांना दुसरी शाल मिळाली. सुमनबाईंसाठी शाल उरली नव्हती. (ती पैठणीवर होती.) ग्यानोबानं खांद्यावरची दस्ती काढली, झटकली, आणि सुमनबाईंच्या खांद्यावर नीट घडी करून ठेवली. मग माझ्या हातातला माइक घेतला.

"मी ग्यानोबा. लोह्याचा. मला स्किझोफ्रेनिया हाय," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली. आदी कानात आवाज यायचे, लई परेशान व्हतो. गावानं अंगारे केले, दोरे केले. ह्या सुमनबाई आमच्या शेतात बांधावर येऊन बसायच्या. म्या धोंडा मारला एकदा. दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हनल्या, 'औषध घेतलं का?' आता शेती करून राहिलो. लेकरं हायत. औषध चालू हाय, लाज न्हाई. धोंडा मारल्याची हाय, तेवढी राहिली व्हती सांगायची."

सुमनबाईंनी दस्तीच्या टोकानं डोळे पुसले. "तुझा नेम लई वाईट होता, म्हणून वाचले," त्या म्हणाल्या.

हॉल आधी हसला, मग टाळ्या. मी पण वाजवल्या. नऊ वर्षांत मी या माणसाला एकदाही आमच्या पुढच्या खोलीत बसवून कॉलनीतल्या कोणाशी ओळख करून दिली नव्हती, हे मला त्या टाळ्यांत आठवलं आणि हात जड झाले.

डॉक्टर साधं, सरळ बोलल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या पालकानं विचारलं, "हे औषध बारावीच्या आधी किती दिवस चालू करायचं?" दुसऱ्यानं विचारलं, "गणितासाठी वेगळं आहे का?" पण कार्यक्रम संपल्यावर वेगळंच घडलं. सुमनबाईंभोवती एकेक जण येऊन हळू आवाजात विचारू लागला. प्रत्येकाच्या शेजाऱ्याकडं कोणीतरी होतं. शेजाऱ्याची बहीण, शेजाऱ्याचा मुलगा, शेजाऱ्याचे वडील. शेवटी महादेवप्पा सर आले. "आमच्या शेजारी एक मुलगा आहे," ते म्हणाले. "सहा महिने खोलीतून बाहेर येत नाही." त्यांच्या घराच्या एका बाजूला त्यांचाच क्लास होता, दुसऱ्या बाजूला रस्ता. सुमनबाईंनी काही न विचारता पत्ता लिहून घेतला. "शेजाऱ्याला सांगा, मंगळवारी येते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. माइक घेतलेला शांत ग्यानोबा आणि मागं देविकाबाईंची शाल ओढणारा मी. (दोन फोटो जोडले होते, हे कोणाला सांगणार?) खाली लिहिलं होतं, 'कार्यक्रमात बोलताना मंडळाचे सचिव. मागे, उपचारांनी सुधारणा होत असलेले रुग्ण श्री. हणमंतराव.'

"मी आत्ता पेपरच्या ऑफिसात जातो," मी ओरडलो. "दुरुस्ती छापायला लावतो!"

"लाज न्हाई म्हटल्यावर काल टाळ्या वाजवल्यात ना?" उज्वला म्हणाली. "मग कायची दुरुस्ती?"

मी चप्पल काढून ठेवली.

मी जिथं क्लार्क आहे त्या कॉलेजात मात्र त्या दिवशी सगळे माझ्याशी फार प्रेमानं वागले. अकाउंटंटनं स्वतः चहा आणून दिला. माझ्या टेबलावरच्या फायली कोणीतरी न बोलता उचलून नेल्या. दुपारी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली.

"हणमंतराव, आधी सांगायचं होतं," ते हळवे होऊन म्हणाले. "मी तुम्हाला किती बोललो असेन. हरवलेल्या टीसी, चुकीच्या मुलांना दिलेल्या मार्कशीट्स, ते विद्यापीठाला पाठवलेलं तुमच्या किराण्याचं बिल... आता सगळं लक्षात आलं."

मला राहवलं नाही. माणूस एवढा चांगला वागतोय, तर खोटं कशाला? "सर, पेपरवाल्यांची चूक झाली," मी म्हणालो. "तो माझा मेव्हणा. मला काही झालेलं नाही. मी अगदी ठणठणीत आहे."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"मग अवघड आहे," ते म्हणाले. "आजाराला इलाज तरी असतो."