काकूंनी पुस्तक पारखलं

काकू पुस्तकांच्या दुकानात शिरल्या तेव्हा दुकानदाराने मान वर न करताच सांगितलं, "आहे अजून. कालच्याच जागी."

"मी दुसरंच काहीतरी बघायला आले होते," असं म्हणत काकू थेट त्याच कप्प्याकडे गेल्या.

पुस्तक होतं. गुळगुळीत कागदाचं, जाडजूड, क्रोशाच्या नव्या नक्ष्यांचं. काकूंनी ते हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं, मधलंच एक पान उघडलं, मिटलं, कप्प्यात ठेवलं, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"घ्यायचंय का काकू?"

"घेण्यासारखं आहे का, तेच तर बघतेय."

"गेला आठवडाभर बघताय."

"मग? भांडं घेताना वाजवून बघतो माणूस. पुस्तक काय वाजवून बघता येतं?"

दुकानदार पुन्हा हिशेबाच्या वहीत शिरला. काकूंनी पुन्हा पान उघडलं. पुस्तकात चित्रांपेक्षा खुणाच जास्त. उभ्या रेघा, आडव्या रेघा, टिंबं, फुल्या. काकूंना ते पान म्हणजे साखरेच्या डब्यावर निघालेली मुंग्यांची रांग वाटे. त्या क्रोशे शिकल्या होत्या मावशीच्या हाताकडे बघून. मावशीला एकच नक्षी यायची, अननसाची. म्हणून काकूंनाही एकच यायची. टीव्हीवर अननस, फ्रिजवर अननस, पाण्याच्या माठावर अननस. काका एकदा म्हणाले होते, "मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो तर माझ्यावरही टाकशील." तेव्हा काकू हसल्या होत्या.

आता मात्र त्यांना हसू येत नव्हतं, कारण मागच्या भेटीत विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, घरभर नजर फिरवून म्हणाल्या होत्या, "छान हो. एकच नक्षी, पण अगदी मनापासून. आमच्याकडे बाई दर वेळी नवीन लागतं. पुस्तकातून बघून करते मी."

तेव्हापासून काकूंना चैन नव्हती. विहीणबाईंच्या घरी खरोखरच दर वेळी नवा रुमाल असे, आणि आपल्याला या वयात काही नवं जमेल की नाही, हा किडा काकूंच्या डोक्यात एकदा शिरला तो निघेना. पुस्तक घेतलं आणि जमलं नाही तर? ते घरात पडून राहणार, आणि येता-जाता दिसणार. नाही घेतलं तर विहीणबाई पुन्हा येणार आणि पुन्हा अननसच मोजणार.

घरी आल्यावरही त्या बसेनात. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून गॅलरीत, गॅलरीतून परत आत.

"अगं, बस जरा. बघून बघून मलाच दम लागला," काका म्हणाले. काकांचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं. कुठलीही गोष्ट वापरण्याआधी तिच्यासोबतचा कागद पहिल्या ओळीपासून वाचायची त्यांना सवय होती. नवी छत्री आणली तरी ते सूचना शोधत.

"अहो, पुस्तक घेऊ की नको?"

"प्रस्तावना वाचलीस?"

"प्रस्तावना कोण वाचतं?"

"मग एक कर. नमुना घेऊन बघ. एक नक्षी तिथेच बसून करून बघायची. जमली तर घ्यायचं, नाही तर सोडून द्यायचं."

तेवढ्यात सूनबाई फोन ठेवून बाहेर आली. "आई, रविवारी आमची आई येतेय. राहायलाच."

काकूंनी पिशवीत दोरा आणि सुई टाकली आणि पायात चपला सरकवल्या.

"आत्ता?" काका म्हणाले.

"नाही तर काय सोमवारी?"

दुकानदाराने आधी कपाळाला हात लावला आणि मग स्टूल दिलं. दुकानातलं एकमेव रिकामं स्टूल खिडकीशी होतं, म्हणून काकू खिडकीशी बसल्या. त्यांनी पंख्यांची नक्षी निवडली. आकृतीच्या शेजारी तिचा फोटो होता. उघडलेल्या पंख्यांच्या ओळीवर ओळी. काकूंनी चष्मा पुसला, मनातल्या मनात मावशीला नमस्कार केला आणि आकृतीवर बोट ठेवून पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, ओळीपासून सुरुवात केली.

आणि काय आश्चर्य, मुंग्यांची रांग हळूहळू बोलू लागली! ही उभी रेघ म्हणजे खांबाचा टाका. ही छोटी वर्तुळं म्हणजे साखळीचे टाके. अधूनमधून काहीतरी अडायचं. एका ठिकाणी सगळे खांब एका टोकाला गोळा करायला सांगितलेले दिसत होते. काकूंनी केले गोळा. हातात जे तयार होत होतं ते फोटोसारखं मुळीच नव्हतं, पण काकूंनी ते मनावर घेतलं नाही. लग्नाच्या फोटोत आपण तरी कुठे आपल्यासारखे दिसतो?

पंख्यांच्या जागी खाली मान घातलेल्या कळ्या उमटत होत्या. एकीखाली एक, नाजूक, लाजऱ्या. काकूंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हे आपलेच का?

खिडकीबाहेर एक बाई थांबली. मग तिची मैत्रीण. मग दोघी आत आल्या आणि त्यांच्या मागून आणखी चार.

"अय्या, कुठली नक्षी ही?"

"या पुस्तकातली," काकू म्हणाल्या. मान वर करायला त्यांना सवड नव्हती.

"एवढी सोपी आहे?"

"बघून बघून करायचं. त्यात काय?" हे वाक्य आपल्याच तोंडून आलेलं ऐकून काकूंना गुदगुल्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत वीतभर तुकडा तयार झाला आणि पुस्तकांचा गठ्ठा निम्म्यावर आला. दुकानदाराचा चेहरा उजळला होता. त्याने काकूंसाठी चहा मागवला, तुकडा मागून घेतला आणि खिडकीच्या काचेला आतून टाचून खाली पाटी लावली : 'या पुस्तकातील नक्षी'.

"मग काकू, बांधून देऊ एक?"

जमलं तर घ्यायचं असं ठरलं होतं. पण एकदा जमलं म्हणजे खरंच जमलं का? की नुसता योग आला होता? "उद्या सांगते," काकू म्हणाल्या आणि तरंगत घरी आल्या. येताना दोऱ्याचे गुंडे मात्र घेतले, कारण ती ओळ न् ओळ हातात बसली होती. घरी पोचताच त्यांनी फ्रिजवरचा अननस काढून टाकला आणि त्या मापाचा नवा रुमाल विणायला घेतला.

पुढचे दिवस काकू जेवताना विणत होत्या, फोनवर बोलताना विणत होत्या. दूध उतू गेलं तेही त्यांनी विणता विणताच पाहिलं. शनिवारी रुमाल फ्रिजवर चढला आणि त्याच दुपारी दारात दुकानदार उभा राहिला. काखेत क्रोशाच्या पुस्तकाच्या चार-पाच प्रती, आणि चेहऱ्यावरचा तो उजेड पार गेलेला.

"काकू, ती नक्षी कुठल्या पानावर आहे?"

"का हो?"

"बायका परत येतायत! म्हणतात, खिडकीत लावलंय ते पुस्तकात नाहीच. एक तर म्हणाली, मी लोकांना फसवतो. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे, आजवर कुणी असं बोललं नव्हतं मला. मी सगळं पुस्तक चाळलं. मला तर प्रत्येक पान सारखंच दिसतं."

"असं कसं नाही? आणा इकडे." काकूंनी फटकन पंख्यांचं पान उघडून दाखवलं. "हे काय!"

दुकानदाराने फोटोकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "काकू, हे पंखे आहेत."

"फोटोत तसं दिसतं."

एव्हाना काकांनी एक प्रत उचलली होती आणि सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली होती. मध्येच ते थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"अगं, तू कुठून सुरुवात केलीस?"

"वरून. वाचायला सुरुवात कुठून करतात?"

"इथे म्हटलंय, सर्व आकृत्या खालून वर वाचाव्यात."

काकूंची नजर फ्रिजकडे गेली. त्याच्यावर कळ्या माना खाली घालून लोंबत होत्या. काकूही तशाच झाल्या.

"म्हणजे मला जमलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"जमलं कसं नाही? वेगळं जमलं," काका म्हणाले.

"गप्प बसा हो! उद्या विहीणबाई येतायत. पुस्तकातून करते म्हणणारी बाई आहे ती. एका नजरेत ओळखेल. म्हणेल, एकच नक्षी येत होती तेच बरं होतं."

"तुमचं उद्याचं आहे काकू, माझं आजच आहे," दुकानदार रडवेला झाला. "दुकानात बायका बसल्यात. त्यांना काय सांगू?"

काकूंनी येरझाऱ्या घातल्या. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. दुकानदार नजरेनेच त्यांच्या मागे फिरत होता. "रविवार उलटू द्या," काकू शेवटी म्हणाल्या. "मग मी स्वतः येऊन सगळ्यांना खरं काय ते सांगते. तोवर सांगा की नक्षी पुस्तकातलीच आहे, जरा अवघड आहे."

हे खोटंही नव्हतं. दुकानदार मान हलवत गेला आणि तासाभरात त्याचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"काकू, काय जादू केलीत? अवघड आहे म्हटल्यावर एकीनेही पुस्तक परत केलं नाही! परत करायला आलेल्या गुपचूप घरी घेऊन गेल्या. उलट दोघी-तिघी नव्याने घेऊन गेल्या. शेवटची एकच प्रत उरली होती, ती तुमच्यासाठी बाजूला ठेवली होती. पण आत्ताच एक बाई आल्या. मी म्हटलं, नक्षी अवघड आहे हो. तर म्हणाल्या, मला कोण समजता? घेऊन गेल्या. माफ करा."

काकूंना वाटलं, चला, एक काळजी मिटली. घ्यावं की नाही हा प्रश्नच संपला. पण जरा वेळाने लक्षात आलं, पुस्तकही गेलं आणि खालून वर करून बघायची सोयही गेली. त्या रात्री त्या कूस बदलत राहिल्या.

रविवारी विहीणबाई आल्या. काकूंनी ठरवलं होतं की त्यांना फ्रिजकडे पाठ करून बसवायचं. पण विहीणबाई उभ्याच राहिल्या. त्यांची नजर टीव्हीवरून गेली, माठावरून गेली आणि फ्रिजवर जाऊन थांबली ती थांबलीच. त्या जवळ गेल्या. रुमालाचं टोक चिमटीत धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. काकूंचा जीव टांगणीला लागला.

"सूनबाई, चहा ठेव गं," काकू घाईघाईने म्हणाल्या. सूनबाई आत गेली.

विहीणबाई खुर्चीत टेकल्या. त्यांनी आपली बॅग ओढून घेतली, साड्यांच्या खाली हात घातला आणि जाडजूड, गुळगुळीत पुस्तक बाहेर काढलं.

"तुम्हाला कशी आली ही?" त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "काल बाजारात आले होते, खिडकीत बघितली. सबंध संध्याकाळ पुस्तकात शोधली. डोळे फुटायची वेळ आली. नाहीच यात!"

काकूंना वाटलं, सांगावं की अवघड आहे, आणि विषय बदलावा. जिभेवर आलंही होतं. पण समोरची बाई इतकी कासावीस दिसत होती की काकूंना क्षणभर आरशात बघितल्यासारखं झालं. त्यांनी डोळे मिटून सांगून टाकलं.

"पुस्तक उलटं धरा."

विहीणबाईंचा चेहरा ताठ झाला. "थट्टा करताय का माझी?"

"नाही हो. थट्टा माझीच झालीय. पंख्यांचं पान काढा. आता खालचं वर करा. हं. तसं धरलं की कळ्या येतात. मी आकृती वरून वाचत गेले. खालून वाचायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. या वयात नवं शिकायला गेले आणि हे असं झालं. जे काय म्हणायचं ते म्हणा आता."

विहीणबाई उलट्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण ओळ काही पुढे सरकत नव्हती. काकूंना ते बघवेना.

"मी तुम्हाला ही उलटी शिकवते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला सुलटी शिकवा. पंखे. तुम्हाला तर पुस्तकाची सवयच आहे."

विहीणबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत कपबशा वाजत होत्या. त्या खुर्ची सरकवून काकूंच्या अगदी कानाशी आल्या.

"सुलटी मला येत असती, तर मी पुस्तक साड्यांखाली लपवून आणलं असतं का?"

"अहो, पण तुमच्याकडचे ते दर वेळचे नवे रुमाल?"

"हळू बोला की," विहीणबाई म्हणाल्या. "ते विकतचे."

काकूंनी खूप प्रयत्न केला, पण हसू ओठांतून फुटलंच. मग विहीणबाईंचंही फुटलं. सूनबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दोघी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. रडतायत की हसतायत, तिला कळेना.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "पुस्तक बघतोय." त्यांनी ते विहीणबाईंच्या हातून घेतलं, सुलटं करून आपल्या मांडीवर नीट ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात पसरले. "घेण्यासारखं आहे हं हे, विहीणबाई. तुम्ही घेतलंत, फार बरं केलंत."