डंकीपुढे फोडायचा नारळ

भांडुपच्या सौ. रत्नप्रभा लवू घाडी यांना १९८४ सालच्या जानेवारीत मसाला कुटायची विजेवरची डंकी घ्यावीशी वाटली. अशी इच्छा होणं हा कुठल्याही कायद्याने गुन्हा नसल्यामुळे पोलिसांना त्यात काही करता आलं नाही. ते काम बँकेने केलं.

इच्छा तशी साधी होती. लवूची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि घर चालत होतं रत्नप्रभाच्या मालवणी मसाल्यावर. मिरच्या भाजण्यात तिचा हात असा, की शेजारीपाजारी ठसकत ठसकत तारीफ करायचे. पण कुटायला मात्र गाठोडं डोक्यावर घेऊन मुलुंड गाठायचं आणि तिथल्या डंकीपुढे रांगेत बसून राहायचं. भांडुपातच डंकी बसली तर अख्ख्या वस्तीचा मसाला आपल्या दारी येईल, हे कळायला काही अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. बाजारातल्या नानांनी आपला गाळा पाडव्यापर्यंत तिच्यासाठी धरून ठेवायचं कबूल केलं. पाडव्यानंतर ऐन हंगाम, आणि तो हुकला की पावसाळा. पावसाळ्यात मिरच्या कोण कुटतो? तेव्हा पाडव्याच्या आत डंकी हवी आणि डंकीसाठी कर्ज हवं.

मुलुंडच्या बँकेत 'यशस्वी महिला उद्योजिका अर्थसाहाय्य योजना' होती. व्यवस्थापक श्यामकांत बोडस यांनी रत्नप्रभाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, "तुम्ही यशस्वी आहात का?"

"डंकी मिळाली की होईन ना, साहेब."

"तसं चालत नाही, बाई. अयशस्वी माणसाला पैसे दिले आणि तो अयशस्वीच राहिला, तर जबाबदार कोण? आधी यशस्वी होऊन या."

"ती कशी होऊ?"

"तो प्रश्न योजनेच्या कक्षेत येत नाही," बोडस म्हणाले. पण माणूस अगदीच दगड नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला. "कुठे सत्कार-बित्कार झालाय का तुमचा? सत्कार झाला असला की आम्हाला यश गृहीत धरता येतं."

योग बघा! मुलुंडच्याच महिला मंडळाच्या अध्यक्षा कुंदाताई तेव्हा एका कष्टाळू बाईच्या शोधात होत्या. हळदीकुंकवाला सत्कारासाठी ठरवलेली डॉक्टरीणबाई ऐन वेळी स्वतःच बाळंत झाली होती. शाल आणून ठेवलेली, हार आणलेला. आता खांदे तेवढे हवे होते. रत्नप्रभाचे मिळाले. भाषणात "डंकी घेणार आहेत" हे वाक्य कुंदाताईंना फारच लेचंपेचं वाटलं, म्हणून त्यांनी तिला जागच्या जागी एक डंकी देऊन टाकली. तोंडीच.

"ताई, डंकी नाहीये हो अजून," रत्नप्रभा त्यांच्या कानाशी पुटपुटली.

"अगं, असू दे! टाळ्या पडल्या की नाही?"

पडल्या होत्या खऱ्या. सत्कारात मिळालेला नारळ तिने घरी आणला, त्याच्या शेंडीखाली हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि देवाच्या फळीखाली ठेवला. "ह्यो डंकीपुढे फोडूचो," तिने लवूला बजावलं. "चटणीक नाय घेवचो."

बोडस साहेबांनी फोटो निरखून पाहिला. म्हणाले, "एक सत्कार हा योगायोग असू शकतो. सातत्य दिसायला हवं."

आता सत्काराचं असं असतं, पहिला जमेपर्यंत कठीण. एकदा कुणीतरी केला की दुसऱ्यांना धीर येतो. माघी गणपतीच्या मंडळाने तिला बोलावलं आणि महिला मंडळापेक्षा आपण कमी नाही हे दाखवायला तिला तीन डंक्या दिल्या. मग घाटकोपरच्या एका सेवाभावी क्लबाने तिचा मसाला थेट दुबईला धाडला. दुबईला तिचा एक चुलतदीर होता आणि तो सुट्टीला आला की पिशवीतून मसाला न्यायचा, एवढाच काय तो निर्यात व्यापार. पण बाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं म्हटल्यावर झाडाची उंची कोण मोजत बसतो?

लवू बिचारा घरात बसून हे सगळं ऐकत होता. "अगो, तीन डंक्यो झाल्यो म्हणतत! खंय ठेवलंस? माका तरी दाखव!"

रत्नप्रभा सगळे हार-तुरे घेऊन बँकेत गेली. बोडस उभे राहिले, हात जोडले. "अभिनंदन! पण कर्ज काही देता येणार नाही."

"आता का?"

"बाई, तीन यंत्रं, परदेशी निर्यात. योजना गरजूंसाठी आहे. तुमच्यासारख्यांनी गरिबांच्या तोंडचा घास काढायचा म्हणजे..."

"एक पण यंत्र नाहीये हो माझ्याकडे! देवाशपथ!"

"म्हणजे सत्कार खोटे? मग तर प्रकरण फारच गंभीर होतं."

घ्या! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. होय म्हणावं तर श्रीमंत, नाही म्हणावं तर लबाड. रत्नप्रभा बँकेच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. पाडवा तोंडावर आला होता आणि नानांच्या गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं.

तेवढ्यात बोडस स्वतः बाहेर आले. बँकेचा कर्जवाटप मेळावा होता आणि पाकिटं वाटायला एक यशस्वी महिला हवी होती. "तुम्ही या. मग तुमच्याकडे मी खास लक्ष घालतो."

ती गेली. न जाऊन सांगते कुणाला? मांडवात एकेक बाई वर येत होती, रत्नप्रभाच्या हातून पाकीट घेत होती, फोटो निघत होता आणि पडद्यामागे एक शिपाई ते पाकीट परत घेत होता, कारण उद्या तीच पाकिटं बोरिवलीच्या मेळाव्याला लागणार होती. घाटकोपरची शेवंती नावाची एक बाई शिवणयंत्रासाठी आली होती. पाकीट हातात पडताच तिला ते हलकं लागलं. ती हळूच म्हणाली, "ताई, नंतर मिळतं ना पण? तुम्हाला मिळालं तेव्हा किती थांबायला लागलं?"

रत्नप्रभाने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत बोडस बसले होते आणि तिच्याकडे खास लक्ष घालत होते.

"मिळतं गं," ती म्हणाली. "धीर धर."

शेवंतीने वाकून तिच्या पायांना हात लावला. रत्नप्रभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फोटो चांगला आला.

इकडे घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिकडे बघावं तिकडे शाली आणि नारळ. आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, वडी खोबऱ्याची. शेवटी लवूच्या पोटाने संप पुकारला. त्याने देवाच्या फळीखालचा तेवढा ठेवला आणि बाकीचं सामान पोत्यात भरून एका मंडळाला विकून आला. तासाभरात दुसरं मंडळ दारात हजर!

रत्नप्रभाने हे बोडसांना सांगितलं मात्र, साहेबांचे डोळे चमकले. "अहो, मग हा धंदा काढा की! मसाला लोक एखाद्या वर्षी कमी खातील. सत्कार कमी झाल्याचं ऐकलंय कधी?" कर्ज त्याच दुपारी मंजूर झालं. यशाचा पुरावा कुणी मागितला नाही.

पाडव्याला नानांच्या गाळ्यात 'घाडी सत्कार भांडार' उघडलं. पहिला सत्कार बोडसांचाच झाला. भांडार झकास चालतं. सत्कार झालेली माणसं दुसऱ्या दिवशी शाल-नारळ अर्ध्या भावात परत आणून देतात, आणि संध्याकाळी तेच नव्या व्यासपीठावर जातात. त्यातले काही नारळ नगरसेवकांपेक्षा जास्त व्यासपीठं चढलेत. पाणी केव्हाच आटलंय, पण सत्काराचा नारळ हलवून बघतो कोण?

परवा तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी थेट घाडींच्या घरी आले होते. सत्यनारायणाच्या पूजेला एका होतकरू बाईचा सत्कार ठेवलाय म्हणाले, आणि भांडारात नारळ संपलेले. रत्नप्रभा आत गेली. देवाच्या फळीखालचा नारळ तिने उचलला, थोडा वेळ नुसताच हातात धरला. लवू म्हणाला, "अगो, तो डंकीचो मां?"

"ऱ्हवां दे," ती म्हणाली आणि नारळ देऊन टाकला.

भांडुपच्या बायका अजून मिरच्यांची गाठोडी घेऊन मुलुंडलाच जातात. तुमच्या घरचीही गेली असेल, म्हणूनच तुम्ही त्या संध्याकाळी पूजेला एकटे आलात आणि तुम्हाला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. घाटकोपरच्या शेवंतीबाई तीन शिवणयंत्रांच्या मालकीण आहेत हे ऐकून सगळ्यात जोरात टाळ्या तुम्हीच वाजवल्यात. त्या खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या नारळाच्या शेंडीखाली हळदीकुंकवाचं बोट होतं. तेवढ्या लांबून ते तुम्हाला दिसलं नसेल.