जावईबापूंनी देवडीवाल्याची उसंत काढोन घेतली, ती हकीकत

श्रीगजानन सुप्रसन्न. घरातील देव, कुळातील वडील आणि भिंतीवरील मेन स्विच यांस नमस्कार करोन, जे जैसे घडले ते तैसे लिहिले आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, अधिक श्रावण, शुद्ध पक्ष. ते समयी एका राज्यात द्वारकाबाईसाहेब नांदत होत्या. राज्य म्हणजे बैठकीच्या खोलीतील टेबलावरची काळी कॉम्प्युटरची पेटी, आणि तिच्या गादीवरील राजा म्हणजे तिची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. यजमान हयात असता त्यांनी आपल्या हाते हा राजा गादीवर बसविला. राजा वृद्ध, उठावयास वेळ लावी. बाईसाहेबांनी बटण दाबावे आणि चहास आधण ठेवावे, आणि चहा गाळोन आणावा तों राजे सिंहासनी येत. पूर्वी रेडिओदेखील तापल्यावाचून बोलत नसे, आणि त्यास कोणी आळशी म्हटले नाही.

या राजाचे पदरी कशिद्याचा एक प्रोग्रॅम होता. बाईसाहेबांच्या सासूबाईंनी भरलेल्या अंतरपाटाची किनार, कोयऱ्यांची वेल, बाईसाहेबांनी टाका टाका पाहोन त्या प्रोग्रॅमात चौकोनी घरांनी उतरविली होती. मूळ अंतरपाट पुढे जीर्ण झाला आणि घडी मोडिता हातातच विरला. तेव्हां ती वेल जगात कोठे असेल तर त्या प्रोग्रॅमात, आणि तो प्रोग्रॅम या राजावाचून दुसऱ्या कोणाची चाकरी करीत नसे. मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न होते आणि त्यास त्याच वेलीचा नवा अंतरपाट द्यावा ऐसा बाईसाहेबांचा निश्चय होता. अर्धी वेल कापडावर आली होती, अर्धी पेटीत होती.

ऐसे असता अधिक महिना लागला आणि कन्या निशिगंधा हिजसह जावई मकरंदराव वाण घ्यावयास आले. हा महिना जावयाचा. त्यात जावई दुधात मीठ घाला म्हणाले तरी सासू मिठाचा डबा शोधीत जाते, ऐसा या घराण्याचा रिवाज, आणि हाच रिवाज बाईसाहेबांस नडला. मकरंदराव शहरातील मोठ्या कंपनीत बैठकींस बसत आणि त्या बैठकींत पुढील बैठक केव्हां ते ठरवीत. यंत्रविद्या त्यांनी जेवता जेवता मोबाइलवर चार व्हिडिओ पाहोन संपादिली होती. त्यांनी पेटी सुरू होताना पाहिली, घड्याळाकडे पाहिले, आणि हसोन म्हणाले, "सासूबाई, हे काय बैलगाडीचे दिवस आहेत का? मी नवी सिस्टीम टाकून देतो." बाईसाहेबांस नको म्हणावयाचे होते. परंतु अधिक महिना. मग जुनी राहील ना, इतकेच त्यांनी विचारिले. राहील, डिस्कचे दोन वाटे करू, एकात जुनी एकात नवी, ऐसे राव बोलिले, आणि खुर्ची ओढोन मोहिमेस बसले.

मोहीम मोठ्या थाटाने चालली. राव हुकूम सोडीत, पेटी बापुडी पाळीत असे, आणि बाईसाहेब कोथिंबीर निवडीत मागे बसोन सर्व पाहात होत्या. डिस्कचे दोन वाटे झाले, नवा राजा आला, आणि मग देवडीवाल्याची पाळी आली. बूटलोडर म्हणोन जो असामी, तो पेटीचा देवडीवाला. पेटी जागी होताच तो दारात उभा राहातो, आत दोन राजे असल्यास दोघांची नावे पुढे करितो, कोणास उठवू म्हणोन पुसतो, आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबतो. इतक्या वेळात कोणी काही न सांगितल्यास नव्यास उठवितो. बिचाऱ्याचे काम एवढेच. परंतु रावांस हे थांबणे सोसेना. दहा सेकंद फुकट कशास, आमच्याकडे कोणी थांबत नाही, ऐसे म्हणोन त्यांनी दहा पुसोन तेथे शून्य लिहिले, आणि फत्ते केल्याप्रमाणे हात झटकिले. मग पेटी बंद करोन सुरू केली. पेटी भरकन नव्या राजाच्या दरबारात गेली. रावांनी निशिगंधेस बोलावोन वेग दाखविला. ती बरे म्हणाली आणि आत गेली.

मग बाईसाहेबांनी कशिदा मागितला. रावांनी पेटी पुन्हा सुरू केली, नवा राजा. पुन्हा केली, पुन्हा नवाच. मग कीबोर्डावर दोन्ही हातांनी धबाधब आघात केले, तेही नवा राजा गादीवर बसल्यावर. शेवटी कपाळ पुसोन त्यांनी जाहीर केले की जुना राजा लढाईत पडला, डिस्कच कुजकी होती, आता सगळी पुसोन नव्याने करणे उत्तम. नक्षी काय, इंटरनेटवर हवी तितकी मिळेल. ज्या माणसाने उभ्या जन्मात शर्टाचे बटण लाविले नाही तो सासूबाईंच्या वेलीस नक्षी म्हणाला. बाईसाहेबांनी कोथिंबीर बाजूस ठेविली. पुसण्याचा हुकूम पडद्यावर तयार होता, आणि रावांचे बोट माउसावर होते.

तेव्हां बाईसाहेब उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या आणि अनारशांचे ताट घेऊन आल्या. वाणाचे अनारसे, तेहतीस, वर तुपाचा दिवा. रावांनी माउस सोडिला आणि दोन्ही हात पुढे केले. बाईसाहेबांनी ताट दिले नाही, तैशाच उभ्या राहिल्या.

"जावईबापू, परवा तुम्ही आलात तेव्हां दारात का थांबलात?"

"तुम्ही पायांवर पाणी घालीत होता म्हणून."

"आणि भाकरतुकडा ओवाळून टाकीपर्यंत उभे राहिलात. तेवढ्यात आतून विचारणं झालं, जेवण आधी की चहा आधी. तुम्ही चहा म्हणालात, चहा मिळाला. आमच्या दाराला तुमचं शून्य लावलं असतं, तर समोर येईल ते गिळावं लागलं असतं."

राव म्हणाले, याचा येथे संबंध काय. आतून निशिगंधा बोलली, "अहो, आई म्हणते ते कळलं नाही का? त्या देवडीवाल्याने विचारायच्या आतच तुम्ही त्याला गप्प केलंत. राजा मेला नाही, त्याचं नावच कोणी घेतलं नाही."

रावांनी पुन्हा माउस धरिला. मग कोणाकडे न पाहता, पुसण्याचा हुकूम रद्द करोन, नव्या राजाच्या दरबारात जाऊन त्यांनी देवडीवाल्याचे शून्य काढिले आणि दहा परत लिहिले. पेटी पुन्हा सुरू झाली. देवडीवाला दारात उभा राहिला, दोन नावे पुढे केली आणि थांबला. बाईसाहेबांनी ताट डाव्या हातावर तोलोन उजव्या हाते खालच्या नावावर जाऊन एंटर दाबिले, आणि निशिगंधेस आधण ठेवावयास सांगितले. चहा गाळोन आला तों जुने राजे सिंहासनी आले, प्रोग्रॅम उघडला, आणि कोयऱ्यांची वेल जेथे सोडिली होती तेथून पुढे दिसू लागली. मग बाईसाहेबांनी ताट जावयांच्या हाती दिले, कारण रिवाज तो रिवाज.

तात्पर्य, त्या राज्यात अद्यापि दोन राजे आहेत आणि देवडीवाला दहा सेकंद थांबतो. मार्गशीर्षात लग्न लागले, अंतरपाट पुरा भरोन झाला होता. तो धरावयास एका बाजूस मकरंदरावांस उभे केले, आणि बाईसाहेबांनी भटजींस सांगोन ठेविले होते की मंगलाष्टके सावकाश म्हणावी, एकही गाळू नये. राव हात वर करोन शेवटपर्यंत उभे राहिले. इतके घडले, इतकेच लिहिले.