ठमाबाईंचे सन्मानपूर्वक ऐकून घेतल्याचा अहवाल

मनुष्यप्राण्याला जन्मतः दोन कान मिळत असले तरी ऐकणे हे शास्त्र आहे. आणि शास्त्र म्हटले की त्याला भाड्याची जागा, टेपरेकॉर्डर आणि केंद्रप्रमुख लागतो. हे तिन्ही १९९४ साली पेणला एकदम मिळाले, म्हणून संवाद-अभ्यास केंद्र निघाले. खाली गणपतीचा कारखाना, वर आम्ही. मी तिथे नोंदलेखक होतो. दारावर पाटी होती : ‘येथे प्रत्येकाचे म्हणणे ऐकले जाते.’ (तालुक्यात असा दावा करणारे दुसरे ठिकाण नव्हते.)

केंद्रप्रमुख डॉ. हरेश कारखानीस यांनी आम्हाला दोन तत्त्वे शिकवली. एक, माणूस सांगतो ते त्याला जाणवते तसेच घ्यावे. ते बाहेर खरोखर आहे की नाही, हा प्रश्न कंसात ठेवून द्यावा. दोन, समोरच्याचा चेहरा हीच आपली पहिली जबाबदारी. म्हणून त्याच्या बोलण्यात मध्ये पडू नये आणि त्याला आपल्या शब्दांत कोंबू नये. तत्त्वे थोर आहेत. मी ती आजही मानतो.

भात पोटरीला आले असताना खाडीकाठची ठमाबाई जिना चढून आली. पाटी कुणीतरी वाचून दाखवल्यामुळे तिला हे सरकारी ऑफिस वाटले होते.

“सायेब, आमच्या बांधाला खांड गेलीय, भगदाड पडलंय. पुनवेच्या उधानाला खारं पानी शेतात शिरंल, मंग दोन-तीन वर्सं जमीन पिकायची नाय. कचेरीत अर्ज लागतो म्हनतात. मला लिवता येत नाय. तेवढा लिवून द्या.”

आमचा शिपाई एलियास रोहेकर चहा ठेवता ठेवता म्हणाला, “केवढी खांड हाय गो?” तिने दोन्ही हात पसरून दाखवले. एलियासला त्याच दिवशी मेमो मिळाला. आरोप दोन : कथनात व्यत्यय आणणे, व अनुभवाचे मोजमाप करणे.

अर्जाचा मामला नाजूक होता. अर्जात ‘महोदय’ येतो, ‘विषय’ येतो, शेवटी ‘आपली नम्र’ येते. जित्याजागत्या बाईला असे रकान्यात बसवणे ही डॉक्टरांच्या मते हिंसा होती. जाऊन बांध पाहावा, तर तो तिच्या शब्दावर अविश्वास. तेव्हा तिचा मान राखण्यासाठी आम्ही दोन्ही गोष्टी टाळल्या.

ती तीनदा आली. एकूण श्रवण दोन तास दहा मिनिटे, व्यत्यय शून्य (एलियास वगळून), विराम दोनशे बारा, उसासे सदतीस (पैकी दीर्घ चौदा). तिसऱ्या खेपेला ती फक्त “पुनव परवा हाय” एवढेच म्हणाली आणि गप्प बसली. अकरा मिनिटे. आमच्यापैकी एकानेही पापणी हलवली नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, इतका शुद्ध संवाद त्यांनी आयुष्यात अनुभवला नव्हता.

पुनवेला उधाण आले आणि ठमाबाईचे शेत खाऱ्या पाण्याखाली गेले. (पाणी कंसाबाहेरून आले.)

पुढच्या महिन्यात रोह्याला परिसंवाद झाला. तिथे ती अकरा मिनिटांची शांतता टेपवर ऐकवण्यात आली. जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतली पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीतले लोकही आले होते. त्यांचेही डोळे पाणावले. केंद्राच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. चहापानाला बटाटेवडे होते.

मला मात्र लाज वाटली. फार वाटली. पेणला परतल्यावर मी कुणालाही न सांगता कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसलो. निदान बांधाची खांड तरी बुजेल म्हणून. ‘महोदय’ लिहिले. विषय लिहिला. ‘मौजे’ लिहिले आणि थांबलो. नोंदीची एक्केचाळीस पाने उलटसुलट चाळली. तिचा श्वासन्‌श्वास तिथे होता; गावाचे नाव नव्हते. एलियासला विचारले, तर तो म्हणाला, “मेमोनंतर मी कोनाला काय विचारलंच नाय.”

वाचकहो, आपण इथवर आलात. मध्ये एकदाही बोलला नाहीत, ठमाबाईबद्दल आपल्याला मनापासून वाईटही वाटले असेल. तिचे गाव कोणते, हे मात्र आपणही विचारले नाहीत. केंद्रात श्रोत्यांच्या जागा रिकाम्या आहेत. आपल्याला मुलाखतीची गरज नाही, सरळ रुजू व्हावे.