जिवंत रोग्यासाठी चार बांबू

१९४४ सालच्या फेब्रुवारीतील एका बुधवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या दवाखान्याच्या आवारात एकेचाळीस माणसे, चार बांबू, एक मडके आणि गाडीभर गोवऱ्या होत्या. दवाखान्यात त्या दिवशी एकच रोगी होता. त्याला गळू झाले होते.

पारनेर तालुक्यातील या दवाखान्याचा मी डॉक्टर. निरीक्षण, नोंद आणि अनुमान यांपलीकडे माझी कशावरही श्रद्धा नाही. पंधरा दिवसांपूर्वी नीलांबरीबाई परिचारिका म्हणून रुजू झाल्या. तीन वर्षे पुण्याच्या इस्पितळात राबल्यावर मुंबईच्या परिचारिकांच्या कौन्सिलच्या नोंदवहीत त्यांचे नाव नुकतेच चढले होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना ठणकावले, "रोग्याचा आजार ही रोग्याची मालमत्ता! त्याच्या संमतीवाचून ती कोणालाही द्यायची नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मामलेदारालाही नाही! महिन्याभरात अख्ख्या गावाला हे शिकवतो की नाही, पाहा!"

सोमवारी सहादेव आला. गावच्या तालमीचा वस्ताद, देह म्हणजे धान्याची कणगी. गळू नेमके बसण्याच्या जागी.

"डाक्टर, कुनाला कळता कामा न्हाई! तालमीतली पोरं जल्मभर हसतील."

मी चिरा दिला, त्याला पालथे निजवले आणि खाटेभोवती पडदा ओढला.

आजाऱ्याच्या समाचाराला जायचे आणि आजाराचे नाव विचारून आपले एक औषध सुचवायचे, हा इथला रिवाज. नाव कळले नाही, तर तो आजार नाव घेण्याजोगा नाही, म्हणजे रोगी वाचत नाही, असे समजायचे. हा दुसरा भाग मला ठाऊक नव्हता.

सहादेवाची बायको राहीबाई आली. "बाई, काय झालंय वं त्यास्नी?"

"मावशी, त्यांच्या परवानगीशिवाय मी सांगणार नाही. काळजी करू नका."

"काळजीचं न्हाई, तर सांगत का न्हाई?"

नीलांबरीबाई नुसत्या हसल्या. राहीबाई माझ्याकडे वळली. मीही शब्द न काढता आत गेलो. आदर्श असा घालून द्यावा लागतो!

मंगळवारी सहादेवाचा धाकटा भाऊ कानिफ पडद्याच्या फटीतून डोकावला आणि बाहेर जाऊन ओरडला, "दादा पालथा पडलाय, अन् कन्हतोय!" संध्याकाळपर्यंत राहात्याच्या बहिणीला निरोप गेला. बुधवारी बांबू आले.

लोकल बोर्डाचे सभासद नारायणराव काठी आपटत पुढे झाले. "बाई, आजार सांगा! नाहीतर आजच कौन्सिलला लिहितो आणि तुमचं नाव उडवून टाकतो!"

नीलांबरीबाईंचा चेहरा पांढरा पडला. नाव गेले की नोकरी गेली, तीन वर्षे गेली. पण आवाज हलला नाही. "लिहा, नारायणराव. मात्र मी आजार सांगितला, तर माझं नाव खरोखरच उडवलं पाहिजे."

प्रामाणिकपणे नोंदवतो : त्या क्षणी मी सगळे सांगून टाकायला तोंड उघडले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले.

त्या पडद्याआड गेल्या. "वस्ताद, बाहेर तुमची तिरडी बांधताहेत. सांगू का?"

"न्हाई!"

"बरं."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आता तालमीत वस्ताद कोन?"

"कोन म्हंजे? मीच की!" कानिफ म्हणाला.

खाट करकरली, पडदा फाटला आणि सहादेव ओसरीवर उभा राहिला. "तुला धड लंगोट कसता येत न्हाई, अन् वस्ताद हुतोस व्हय रं?"

दोन बायका किंचाळल्या. मडके फुटले. कानिफला पकडायला सहादेव वळला आणि पाठीमागची भलीमोठी पट्टी एकेचाळीस जणांनी पाहिली.

"आगं बया!" राहीबाई म्हणाली. "गळू व्हय!"

पुढच्या पाऊण तासात माझ्या रोग्याला एकेचाळीस औषधे सुचवण्यात आली. त्यांत तेवीस पोटिसे होती. गोवऱ्यांवर चहा झाला. हसायची हिंमत मात्र कोणाचीच झाली नाही. सहादेव उभाच होता. नारायणरावांनी नीलांबरीबाईंना कोपऱ्यात गाठले.

"बाई, कौन्सिलचं राहू द्या. मलाही जरा एक दाखवायचं होतं... पण कुणाला सांगणार नाही ना?"

काय दाखवायचे होते, ते मी अर्थातच लिहिणार नाही.

गर्दी ओसरल्यावर मी रीतसर चौकशीला बसलो. बाईंच्या मौनामुळेच हे घडले, अशी माझी खात्री होती.

"बाईंचं काय न्हाई वं," राहीबाई म्हणाली. "त्या तर हसत हुत्या. मला वाटलं, किरकोळ असंल. पन तुमास्नी इचारलं, तर तुमी बोलला न्हाई, चष्मा काडला, पुसला अन् खाली मान घालून आत गेला. म्हनलं, डाक्टर रडतोय! संपलं सगळं!"

मी त्या दिवशीची नोंदवही उघडली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले : चष्म्यावर धूळ होती.